काचबिंदूची निचरा शस्त्रक्रिया: ट्रॅबेक्युलेक्टोमी की ट्यूब, आणि नंतरची देखभाल

थेंब आणि लेझर यांनी डोळ्याचा दाब पुरेसा उतरत नाही, दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत नुकसान वाढत जाते आणि डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात, तेव्हा रुग्णापुढे बहुधा दोन पर्याय असतात: ट्रॅबेक्युलेक्टोमी किंवा ट्यूब शंट. दोन्हींचा हेतू एकच, डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून देणे. गेलेली दृष्टी यांपैकी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणूनच ती करायची असते. निवड करताना लोक यशाची टक्केवारी विचारतात आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्याहून मोठा फरक पडतो तो शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, आणि तिथे एका सर्जनची पद्धत दुसऱ्यापेक्षा बरीच वेगळी असू शकते.

ट्रॅबेक्युलेक्टोमी १९६८ साली नेत्रसर्जन केर्न्स यांनी मांडली आणि बऱ्याच सुधारणांसह ती आजही केली जाते. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीचा अर्धवट जाडीचा पापुद्रा उचलतात, त्याखाली आतपर्यंत छोटे छिद्र करतात आणि पापुद्रा टाक्यांनी पुन्हा जागेवर बसवतात. पाणी त्याच्या कडांतून झिरपून वरच्या पातळ आवरणाखाली, म्हणजे कंजंक्टायव्हाखाली साठते आणि तिथे जो फुगवटा तयार होतो त्याला ब्लेब म्हणतात. ट्यूब शंटमध्ये सिलिकॉनची बारीक नळी डोळ्याच्या आत सोडलेली असते आणि तिचे दुसरे टोक बुबुळापासून बरेच मागे, डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या मध्ये बसवलेल्या चकतीला जोडलेले असते. चकतीभोवती शरीर स्वतःचे एक कोष्ठ बांधते आणि पाणी त्या कोष्ठाच्या भिंतीतून शोषले जाते. ट्यूबनंतरचा दाब किती खाली येणार हे बरेचसे या भिंतीच्या जाडीवर ठरते. त्यामुळे ट्यूबनंतर दाब साधारण मध्यम पातळीवर स्थिरावतो आणि सोबत एखाद-दुसरा थेंब चालू ठेवावा लागतो, तर ट्रॅबेक्युलेक्टोमी नीट जमली तर थेंबांशिवायही दाब त्याहून खाली राहू शकतो.

आकड्यांकडे वळायचे तर दोन मोठ्या चाचण्यांची माहिती रुग्णाला असावी. पहिलीत, टीव्हीटी नावाच्या अभ्यासात, आधी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले किंवा ट्रॅबेक्युलेक्टोमी अपयशी ठरलेले २१२ रुग्ण होते. ५ वर्षांनी अपयशाचे प्रमाण ट्यूबच्या गटात सुमारे ३० टक्के, तर ट्रॅबेक्युलेक्टोमीच्या गटात सुमारे ४७ टक्के आले. दुसऱ्या, पीटीव्हीटी नावाच्या चाचणीत, डोळ्याची कापून केलेली कोणतीही शस्त्रक्रिया आधी न झालेले रुग्ण घेतले होते आणि तिथे पहिल्या वर्षी चित्र उलटे दिसले: अपयश ट्यूबमध्ये सुमारे १७ टक्के, ट्रॅबेक्युलेक्टोमीत सुमारे ८ टक्के. सरासरी दाब ट्यूबच्या गटात १३.८ तर ट्रॅबेक्युलेक्टोमीच्या गटात १२.४ मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) होता, आणि पहिल्या गटाला त्यासाठी दुपटीहून अधिक औषधे लागत होती. ५ वर्षांपर्यंत अपयशातला हा फरक मात्र ठोस राहिला नाही. ज्या डोळ्यावर आधी सुरी लागलेली नाही आणि ज्याला दाब बराच खाली हवा आहे, त्याच्यासाठी ट्रॅबेक्युलेक्टोमीकडे कल. ज्याच्या कंजंक्टायव्हावर आधीच व्रण आहेत, ज्याची ट्रॅबेक्युलेक्टोमी एकदा बंद पडली आहे, किंवा ज्याच्या काचबिंदूमागे नवीन रक्तवाहिन्यांची वाढ आहे, त्याच्यासाठी ट्यूबकडे कल, असा साधारण निष्कर्ष निघतो.

इथे एक सावधगिरी बाळगावी. टीव्हीटीमध्ये दाब २१ च्या वर गेला किंवा २० टक्क्यांनीही उतरला नाही, तर ते अपयश मानले होते. पण ज्याचे दृष्टिक्षेत्र मध्यापर्यंत आक्रसत आले आहे, त्याला २० चा दाब यश म्हणून पुरणार नाही. एजीआयएस या अभ्यासात ज्या डोळ्यांचा दाब प्रत्येक तपासणीत १८ च्या खाली राहिला, त्यांची सरासरी सुमारे १२ होती आणि त्यांचे दृष्टिक्षेत्र सरासरीने जवळजवळ स्थिर राहिले. म्हणून सर्जनला आधी विचारावे की माझ्या डोळ्यासाठी लक्ष्य दाब किती, आणि मग विचारावे की तो कोणत्या शस्त्रक्रियेने गाठता येईल.

आता सर्जनच्या पद्धतींकडे येऊ. ट्रॅबेक्युलेक्टोमीचा खरा शत्रू आहे जखम भरून येणे. इतर शस्त्रक्रियांत ते हवे असते, इथे ते नव्या वाटेवर झाकण घालते. त्यासाठी बहुतेक सर्जन मायटोमायसिन-सी हे औषध वापरतात. काही जण त्यात भिजवलेले छोटे स्पंज काही मिनिटे ठेवून जागा धुऊन काढतात, तर काही जण आवरणाखाली ते टोचतात. औषध कमी पडले तर व्रण जिंकतो. जास्त झाले तर ब्लेब पातळ, पांढरा, रक्तवाहिन्या नसलेला होतो आणि अनेक वर्षांनंतरही त्यातून पाणी गळू शकते किंवा त्याला संसर्ग होऊ शकतो. हल्ली औषध छोट्या जागेवर न लावता रुंद पट्ट्यावर लावण्याकडे कल आहे, कारण त्याने ब्लेब पसरट व मागे झुकलेला होतो. मला ही पद्धत अधिक सुरक्षित वाटते.

टाक्यांतही दोन घराणी आहेत. काही सर्जन सोडवता येण्याजोगे टाके घालतात, ज्यांचे टोक कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, दडवलेले असते आणि योग्य वेळी चिमट्याने ओढून काढता येते. इतर जण साधे टाके घालून नंतर ते लेझरने तोडतात. दुसऱ्या आठवड्यात दाब पुन्हा २० च्या वर गेलेला रुग्ण स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकासमोर, बसतो, डोळ्यात बधिर करणारा थेंब पडतो, डॉक्टर छोटे भिंग ब्लेबवर हलके दाबतात आणि दाबाखाली पारदर्शक झालेल्या आवरणातून काळा, केसासारखा टाका दिसतो. एका झटक्यात तो तुटतो, काही क्षणांत ब्लेब फुगू लागतो आणि दाब पुन्हा मोजला की उतरलेला दिसतो. एका भेटीत सहसा एकच टाका सोडतात, कारण घाई केली तर दाब एकदम कोसळू शकतो. तरीही ब्लेब सपाट होऊ लागला तर सुईने आतले व्रणाचे पडदे सोडवतात, याला निडलिंग म्हणतात. अशा हस्तक्षेपांना कोणी गुंतागुंत समजू नये. ट्रॅबेक्युलेक्टोमीचा तो ठरलेला भाग आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, कधी त्याहून लवकर, यावे लागते. हे शक्य नसेल तर उत्तम हातानेही केलेली ट्रॅबेक्युलेक्टोमी बंद पडू शकते, आणि तेव्हा ट्यूबचा विचार करणे हा शहाणपणाचा निर्णय असतो.

ट्यूबमध्येही झडप असलेली आणि नसलेली, असे दोन प्रकार आहेत. झडप असलेल्या अहमद नावाच्या ट्यूबमधून पाणी पहिल्या दिवसापासून वाहते, मात्र झडप दाबाला खूप खाली जाऊ देत नाही. म्हणून दाब लगेच उतरवायचा असेल तेव्हा ती सोयीची. पण पहिल्या काही आठवड्यांनंतर कोष्ठ जाड होऊन दाब पुन्हा चढण्याचा टप्पा तिच्यात अधिक दिसतो. बेअरव्हेल्ट प्रकारात झडप नसते, म्हणून नळी विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवतात आणि ती साधारण ४ ते ६ आठवड्यांनी आपोआप उघडते. तोपर्यंत थेंब चालूच ठेवावे लागतात, आणि नळी उघडते त्या आठवड्यात दाब अचानक पडू शकतो, म्हणून त्या सुमारास भेट चुकवू नये. चकती मोठी, ३५० चौरस मिलिमीटर असल्याने दीर्घकाळात दाब थोडा अधिक खाली राहतो. अहमदची नेहमीची चकती १८४ चौरस मिलिमीटरची आहे. अतिशय कमी दाबाचा धोका मात्र बेअरव्हेल्टमध्ये जास्त. नळी बाहेर उघडी पडू नये म्हणून तिच्यावर दात्याच्या ऊतीचा तुकडा शिवतात. तो झिजला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. दुहेरी दिसणे आणि नळी जवळून गेल्याने कॉर्नियाच्या आतल्या पेशी कमी होणे, या चिंता ट्यूबमध्ये अधिक.

दोन्हींत स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला दिवसातून अनेकदा घालून हळूहळू कमी करतात. ट्रॅबेक्युलेक्टोमीनंतर ते बहुधा दोन-तीन महिने चालतात. लाली ओसरली की डोळा बरा झाला असे वाटून लोक ते मध्येच थांबवतात, आणि आत मात्र व्रण वाढतच असतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याचे काचबिंदूचे थेंब चालू ठेवायचे की नाहीत, हे दोन शस्त्रक्रियांत वेगळे असल्याने सर्जनकडून लिहून घ्यावे; दुसऱ्या डोळ्याचे थेंब त्या गडबडीत बंद होऊ देऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून थांबवू नयेत, आधी सांगावीत.

सर्जनकडे जाताना मी असे प्रश्न घेऊन जाईन. पहिल्या सहा आठवड्यांत मला किती वेळा यावे लागेल, आणि तुम्हीच पाहाल की दुसरे कोणी? टाके सोडणे आणि निडलिंग तुमच्याकडेच होते का? दाब खूप खाली गेला आणि दृष्टी धूसर झाली, तर किती थांबाल आणि केव्हा हस्तक्षेप कराल? या प्रश्नांना घाईघाईची उत्तरे मिळाली, तर दुसरे मत घ्यायला संकोच करू नये. ब्लेब असलेल्या डोळ्यात, अगदी दहा वर्षांनीही, लाली, वेदना, चिकट स्राव किंवा अचानक कमी झालेली दृष्टी दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, उद्याची वाट पाहू नये, आणि तपासणाऱ्याला या डोळ्यात ब्लेब किंवा ट्यूब आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.