व्हिया दे लेइवा की बारिचारा?

कोलंबियात जुन्या दगडी गावात मुक्काम करायचा म्हटलं की गाडी शेवटी या दोन नावांवर येते. दोन्हीकडे राहून झालंय, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

व्हिया दे लेइवा बोयाका प्रांतात, जवळपास 2150 मीटरवर. रात्री स्वेटर लागतोच. खोरं कोरडं, झाडी विरळ, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या खुणा शोधत हिंडावं लागत नाही, घरांच्या भिंतींत आणि अंगणांच्या फरशीत अमोनाइटचे, म्हणजे शंखासारख्या कवचाच्या प्राचीन सागरी जीवांच्या जीवाश्मांचे, वळसे बसवलेले दिसतात. गावाबाहेर 1977 मध्ये एका सागरी सरीसृपाचा भलामोठा जीवाश्म सापडला. तो जागेवरच ठेवून भोवती संग्रहालय बांधलंय. जीवाश्मांची ओढ असेल तर निर्णय झालाच म्हणा.

माझं अडलं ते चौकात. चौक अवाढव्य, सुमारे 14,000 चौरस मीटरचा, आणि सगळा ओबडधोबड गोट्यांचा. बरोबर आई होती. खोली एका टोकाला, जेवण दुसऱ्या टोकाला. दगडांची डोकी वर आलेली, मधल्या फटीत टाच अडकायची, पाऊस पडून गेला की आणखी निसरडं. आई माझा दंड धरून, नजर पायांवरून न हलवता चालायची. सभोवतालचे पांढरे सज्जे तिने पाहिले ते बाकावर टेकल्यावरच.

बारिचारा सांतांदेरमध्ये, 1300 मीटरच्या आसपास. हवा उबदार. सुआरेस नदीची दरी गावाच्या कडेलाच, आपण सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात डोकावतो तशी. घरं ठोकून बसवलेल्या मातीच्या भिंतींची, चर्च पिवळसर दगडाचं. चढ आहेत, तेही चांगलेच, गुडघे कुरकुरतात. पण रस्त्यांना सपाट घडीव फरशा आहेत. आई दर वळणावर दम खायची, तरी दारं, कौलं, खिडकीतल्या कुंड्या बघत चालायची. माझ्या लेखी पारडं तिथेच झुकलं.

शिवाय ग्वाने या शेजारच्या गावापर्यंतची जुनी दगडी पायवाट आहे, बहुतेक उताराची. उन्हं चढायच्या आत निघा, परतताना बस मिळते.

पाय तरुण असतील तर तुम्हाला कदाचित उलटं वाटेल. आणि हाताशी एकच रात्र असेल तर बारिचाराचा हट्ट नको, बोगोताहून सहा-सात तास रस्त्यातच जातात, बसने गेलात तर वाटेतल्या सान हिल शहरात गाडीही बदलावी लागते. दोन रात्री असतील तर मात्र मी पुन्हा तिकडचंच तिकीट काढेन.