शाईचा निरोप कुठून येतो? ऑटोरन्स काही महिने वापरल्यानंतर

विंडोज चालू होताना कोणकोणते प्रोग्राम आपोआप सुरू होतात ते दाखवणारं ऑटोरन्स फुकट आहे, हे आधी सांगून टाकते. इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. झिप उघडायची, ६४ बिटवाली फाइल चालवायची, झालं. याचं मला एवढं अप्रूप, कारण स्टेशनजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर चालू होताना रखडतो या दुखण्यावर "काकू, विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावं लागेल" असं निदान झालं होतं आणि फॉरमॅट, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), रॅम मिळून साडेसहा हजारांचा अंदाज वहीच्या कागदावर हातात पडला होता.

मी ठाण्यात घरूनच हिशेब आणि रिटर्नची कामं करते. कॉम्प्युटर जुना, हार्ड डिस्क फिरणारी. सकाळी चालू केला की डेस्कटॉप दिसायचा, पण टॅली उघडायला गेलं की नुसता बाण हलायचा, बाकी सगळं ढिम्म. यूपीएसची बॅटरी दमलेली, त्यामुळे पावसाळ्यात वीज गेली की हाच खेळ दुपारीही. दुकानदाराला मी एवढंच विचारलं, की फॉरमॅटनंतर तोच प्रिंटर, तोच ड्रायव्हर, तेच डीएससी टोकनचं (डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हचं) सॉफ्टवेअर परत चढवायचं ना? मग तीच गर्दी परत होणार नाही का? "मग प्रिंटर बदला," म्हणाला. सीपीयू रिक्षात घालून घरी आणला.

टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा टॅब सगळ्यांना माहीत आहे. विंडोज ८ पासून तो तिथे आहे, त्याआधी एमएसकॉन्फिगमध्ये होता. मीही तिथूनच सुरुवात केली. गाण्यांचं ॲप, मीटिंगचं ॲप, कधीतरी एका क्लायंटसाठी घेतलेलं रिमोट सॉफ्टवेअर, सगळं डिसेबल. पण त्यातल्या 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यावर विसंबू नका. सुरू होताना एखाद्या प्रोग्रामने प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन केलं, की तो 'हाय'. ३ एमबी! एवढं तर हल्ली कोणीही करतं. त्यामुळे ४ एमबीवाला आणि ४०० एमबीवाला एकाच रांगेत बसतात आणि आपण चुकीच्या माणसाला बाहेर काढतो.

खरा आकडा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल अशा वाटेने गेलं की १०० क्रमांकाची नोंद सापडते. तिच्यात बूटला (कॉम्प्युटर चालू व्हायला) लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो, आणि मुख्य म्हणजे डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ वेगळा आणि नंतर मशीन शांत होईपर्यंतचा वेगळा. माझ्याकडे हा दुसरा आकडा दीड लाखाच्या वर होता, म्हणजे अडीच मिनिटं. विंडोज गेलेलं नव्हतं, विंडोज तर आलेलं होतं. त्याच्या मागून आत घुसणाऱ्यांची रांग संपत नव्हती.

टॅबमधून निम्मे बंद केल्यावर हा आकडा चांगलाच उतरला आणि मी टास्क मॅनेजरवर खूश होते. इथेच थांबले असते, पण प्रिंटर.

प्रिंटरबरोबर एक मदतनीस प्रोग्राम येतो. कॉम्प्युटर चालू झाला की उजव्या कोपऱ्यात येऊन सांगतो, शाई संपत आली आहे, आणि खाली 'खरेदी करा'चं बटण. मी काट्रिज भरून आणते. कंपनीच्या नव्या काट्रिजच्या किमतीत महिनाभराचा भाजीपाला येतो. भरलेल्या काट्रिजची शाईची पातळी या प्रोग्रामला कळत नाही, म्हणून त्याच्या लेखी माझी शाई कायमच संपत आलेली. एरवी हा प्रोग्राम काही फार जड नाही, हे मान्य. पण रोज सकाळी मलाच माझ्या पैशांवरून टोकतो, म्हणून तो डोक्यात गेला.

टॅबमधून डिसेबल केला. गेला. मग ड्रायव्हरचं अपडेट आलं आणि किंचित वेगळ्या नावाने परत हजर. कारण साधं आहे: विंडोज 'हे बंद ठेव' अशी खूण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) त्या नोंदीच्या नावाने ठेवतं. नाव बदललं की नोंद नवी, आणि नवी नोंद चालूच. परत बंद केला. थोड्या दिवसांनी टॅबमध्ये डिसेबल्ड दिसतोय आणि कोपऱ्यात शाईचा निरोपही येतोय! कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. "मॅडम, तो प्रिंटरच्या आरोग्यासाठी आहे." बंद कसा करायचा ते सांगा म्हटलं, तर तिकीट नंबर मिळाला. तो अजून आहे माझ्याकडे.

इथे ऑटोरन्स कामाला आलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्स या संचातलं हे हत्यार, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. टास्क मॅनेजरचा टॅब म्हणजे सोसायटीच्या मुख्य गेटवरची वही. पार्किंगच्या गेटने, जिन्याखालच्या दाराने आलेल्यांची नोंद त्यात नसते. विंडोजमध्ये अशी दारं पुष्कळ: रजिस्ट्रीतल्या रन नोंदी, स्टार्टअप फोल्डर, टास्क शेड्युलरमधली 'लॉग ऑन झाल्यावर चालव' अशी कामं, सर्व्हिसेस, ड्रायव्हर. ऑटोरन्स ती सगळी एका खिडकीत दाखवतं. माझा शाईवाला दोन ठिकाणी सापडला. एक रन नोंदीत, जी मी बंद केली होती, आणि दुसरा शेड्यूल्ड टास्क्समध्ये. त्या टास्कवर राइट क्लिक करून 'जंप टू एंट्री' केलं तर थेट टास्क शेड्युलरच उघडला. शिवाय त्याच कंपनीची एक सर्व्हिसही चालू होती.

काढायचं कसं, याबद्दल एकच आग्रह धरते: डिलीट करू नका, टिक काढा. टिक काढलेली नोंद यादीत राहते आणि हवी तेव्हा परत चालू करता येते. डिलीट केलेली परत आणायला बहुतेक वेळा सॉफ्टवेअर पुन्हा चढवावं लागतं. आणि सुरुवातीलाच ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' लावा, नाहीतर यादी बघूनच घाम फुटतो. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही, कधीच्या काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची भुतं. लाल-गुलाबी ओळींची डिजिटल सही पटलेली नसते. त्या सगळ्याच वाईट असतात असं नाही, जुन्या देशी सॉफ्टवेअरच्या पुष्कळदा तशाच असतात. प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नेच उघडा, नाहीतर काही टिका निघतच नाहीत.

शाईवाल्याची दोन्ही दारं आणि सर्व्हिस बंद केली. छपाईला काही झालं नाही, कारण छपाई प्रिंट स्पूलर करतो आणि तो विंडोजचा स्वतःचा, त्याला हात लावायचा नाही. एक गोष्ट गेली: प्रिंटरवरचं स्कॅनचं बटण दाबून थेट कॉम्प्युटरवर स्कॅन येत नाही. विंडोज फॅक्स अँड स्कॅन उघडून स्कॅन करते. चालतं.

ज्यांचं काम माझ्यासारखं आहे त्यांनी डीएससी टोकनच्या सॉफ्टवेअरला मात्र हात लावू नये. टोकन लावल्यावर त्यातलं सर्टिफिकेट विंडोजला दाखवायचं काम बहुतेक टोकनमध्ये त्याच छोट्या प्रोग्रामचं असतं. जीएसटी पोर्टलवर एकट्या मालकाचं रिटर्न ओटीपीने जातं, पण कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससी लागते, आणि रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, २० तारखेला रात्री सर्टिफिकेट दिसत नाही म्हणून धावपळ कोणाला हवी आहे? ईएमसायनर, म्हणजे पोर्टलवर ती सही करून देणारा प्रोग्राम, मात्र फक्त सही करतानाच चालू लागतो. म्हणून मी त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला आणि स्टार्टअपमधून काढला. विंडोज सिक्युरिटीचं चिन्ह काहीजण घाबरून बंद करत नाहीत. ते नुसतं चिन्ह आहे, बंद केलं तरी संरक्षण चालूच राहतं. मी तरी ते ठेवलंय, जागा खात नाही.

एवढं सगळं करूनही काही प्रोग्राम आपोआप उघडत असतील तर साइन-इन ऑप्शन्समध्ये 'रीस्टार्ट ॲप्स' बघा. बंद करताना जे उघडं होतं ते परत उघडायची ती सोय आहे, आणि ती स्टार्टअपच्या टॅबमध्ये दिसत नाही. आणि फरक मोजताना शट डाउन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतात, पूर्ण बूट होतच नाही.

आता मत थोडं बदलतंय ते. दिवाळीनंतर एसएसडी घातली. भाच्याने मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणली, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली, फॉरमॅट नाही, मजुरीत दोन वेळचं जेवण. त्यानंतरचा फरक एवढा आहे, की स्टार्टअप साफ करून वाचलेला वेळ त्यापुढे किरकोळ वाटावा. दुकानदाराची एसएसडीची गोष्ट खरी होती, फॉरमॅटची नव्हती. म्हणून ज्याच्याकडे फिरणारी डिस्क आहे आणि खर्चाची तयारी आहे त्याने आधी डिस्क बदलावी. पण शाईचा निरोप एसएसडीवरही आला असता, उलट जास्त लवकर.

मशीन जुनं, विंडोज ११ ला चालत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेट्सवर चाललंय. त्यामुळे आत काय काय घुसतंय याकडे लक्ष ठेवणं आता जास्तच गरजेचं.

आणि त्यासाठी ऑटोरन्समधली जी सोय मला उशिरा दिसली तिच्यासाठी मी पैसेही दिले असते (बरं झालं, कोणी मागितले नाहीत). सगळं नीट लावून झालं की फाइल मेनूतून यादी सेव्ह करायची. पुढे काही नवं चढवलं की 'कम्पेअर' करून ती जुनी यादी समोर ठेवायची. जे नवं आलं ते हिरव्या रंगात. बँकेचं स्टेटमेंट लावून बघावं तसं मी हे दर अपडेटनंतर बघते.

तक्रारी दोनच, अक्षर बारीक आहे आणि कुठली ओळ काय करते हे वर्णनाच्या रकान्यातल्या दोन-चार शब्दांवरून नीट कळत नाही. अक्षर ऑप्शन्समधून मोठं होतं. माहितीसाठी मात्र प्रत्येक नाव नेटवर शोधत बसावं लागतं, आणि ज्याला तेवढा वेळ नाही त्याने टास्क मॅनेजरवरच थांबलेलं बरं.

प्रिंटरच्या ड्रायव्हरचं नवं अपडेट आलंय. जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख उलटेपर्यंत ते तसंच राहू दे.