वसतिगृहाच्या खोलीत स्विच की राउटर?

भिंतीत इंटरनेटचे एकच सॉकेट असेल, तर लॅपटॉप, प्रिंटर अशा एकाहून अधिक उपकरणांची सोय स्विचने (एका केबलच्या अनेक जोडण्या करणारी पेटी) किंवा राउटरने करता येते. स्विचला सेटिंगची कटकट नसते. मात्र त्यामागच्या प्रत्येक उपकरणाला वसतिगृहाच्या नेटवर्ककडूनच स्वतंत्र आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) मिळावा लागतो, आणि एका सॉकेटवर एकच मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा क्रमांक), म्हणजे एकच उपकरण, चालू देणाऱ्या नेटवर्कवर दुसऱ्या उपकरणाची डाळ शिजत नाही. राउटर सगळी उपकरणे एकाच आयपी पत्त्याआड ठेवतो, बहुधा वाय-फायही देतो. म्हणून वसतिगृहाच्या नियमांत बसत असल्यास माझा कौल त्यालाच. फक्त भिंतीकडून येणारी केबल ‘वॅन’ (बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या) पोर्टमध्येच घालावी. ती चुकून ‘लॅन’मध्ये (खोलीतल्या उपकरणांसाठीच्या पोर्टमध्ये) गेली, तर राउटर शेजारच्या खोल्यांनाही स्वतःचे, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे, चुकीचे पत्ते वाटू लागू शकतो आणि त्यांचे इंटरनेट बंद पडू शकते.