आधी हायडेगर की लेव्हिनास?

‘असणे’ (म्हणजे काहीही मुळात ‘आहे’ ही गोष्ट) आणि ‘पवित्र’ यांचं नातं समजून घ्यायला कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं की मी ही दोन नावं सांगतो: जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर आणि लिथुआनियात जन्मलेला फ्रेंच ज्यू तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास. १९२८-२९ मध्ये लेव्हिनास फ्रायबुर्गला हायडेगरच्या व्याख्यानांना बसत होता. पुढे त्याने हायडेगरच्या विचाराचा पायाच नाकारला.

हायडेगरच्या १९५० च्या एका व्याख्यानात साधा सुरईसारखा घडा आहे. घड्यातून पाणी ओततो तेव्हा त्या पाण्यात झरा असतो, झऱ्यात खडक आणि आभाळातून आलेला पाऊस. त्याच घड्यातला द्राक्षरस माणसाची तहान भागवतो आणि देवांना अर्पणही होतो. धरती, आकाश, मर्त्य माणसं आणि देव असे चौघे एका ओतण्यात जमतात. १९४७ साली छापलेल्या पत्रात तो क्रमही लावून देतो: आधी असण्याचं सत्य, त्यातून पवित्र, मग देवत्व, आणि ‘देव’ हा शब्द त्यानंतर. मराठी वाचकाला हे लवकर भिडतं. आपला ‘संत’ हा शब्दच ‘सत्’ म्हणजे ‘असणे’ यावरून आलाय.

लेव्हिनासला नेमकी इथेच भीती वाटते. पावित्र्य भूमीला, जागेला चिकटलं की माणसं ‘इथली’ आणि ‘परकी’ अशी विभागली जातात, हे तो अंतराळात गेलेला पहिला माणूस गागारिन याच्यावरच्या १९६१ च्या छोट्या लेखात सांगतो. त्यामागे त्याचं आयुष्य आहे. तो जर्मनांच्या कैदेत होता, आणि लिथुआनियातले त्याचे आईवडील व भाऊ मारले गेले. हायडेगर मात्र १९३३ मध्येच नाझी पक्षात शिरला होता. फ्रेंचमधल्या दोन शब्दांत लेव्हिनास फरक करतो: एक गूढ, भारून टाकणारं पावित्र्य, दुसरं आचरणातलं. मराठीत दोन्हींना आपण ‘पवित्र’च म्हणतो, म्हणून वाचताना घोटाळा होतो. त्याच्या लेखी दुसरं पावित्र्य समोरच्या माणसाच्या चेहऱ्यातून सुरू होतं. ‘मला मारू नकोस’ ही त्या चेहऱ्याची आज्ञा हायडेगरच्या ‘असणे’च्याही आधीची आहे.

जग कोरडं, नुसतं वापरायचं सामान झालंय असं वाटत असेल तर हायडेगर घ्या. धर्माच्या नावाने माणूस तुडवला जाताना पाहून अस्वस्थ असाल तर लेव्हिनास. माझा स्वतःचा कल लेव्हिनासकडे आहे. तरी सुरुवात घड्याच्या व्याख्यानापासूनच करा आणि त्याच आठवड्यात गागारिनचा लेख वाचा. घड्याची ओढ आधी लागली नसेल, तर लेव्हिनास एवढ्या कळकळीने कशाला नाही म्हणतोय ते कळत नाही.