गणितमाळ, १०० मण्यांची (सहा महिने वापरून लिहितेय)

मुलगा दुसरीत आहे, मराठी मिडियम. सदतीस सांगितलं की ७३ लिहायचा आणि एकोणसाठला तर हमखास ६९, कारण कानावर साठ पडतं ना! मी आधी ओरडायचे, मग लक्षात आलं की सदतीस म्हणताना आपण सात आधी बोलतो आणि तीस नंतर, पोराने ऐकलं तसंच लिहिलं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं आलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती, तेव्हा मलाही ते पटलं नव्हतं, आता घरी आम्ही दोन्ही म्हणतो, 'तीस सात, सदतीस'.

तर माळ. दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल असे १०० मणी. खिडकीच्या गजाला एक टोक आणि खुर्चीला दुसरं बांधतो. ३७ दाखव म्हटलं की पहिले तीन गट सोडून सात मणी, तिथे कपड्याचा चिमटा. एकोणसाठ तर इतकं छान समजलं, साठच्या अलीकडचा एक मणी! एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी, हे मला स्वतःला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

तोंडी हिशोबाला खरा उपयोग झाला. ३८ + ७ ला आधी बोटं मोजायचा, आता दोन मणी घेऊन ४० गाठतो आणि उरलेले पाच, ४५. वजाबाकीसुद्धा, ६३ मधून २८ असेल तर २८ वर चिमटा लावून पुढे निघायचं, दोन म्हणजे ३०, मग तीस म्हणजे ६०, मग तीन, झाले ३५. महिन्याभराने माळ न बांधताच डोळे मिटून करायला लागला, ते बघून मला भरून आलं खरंच.

पण घेताना मणी मोजून घ्या प्लीज!! आमच्या माळेत चौथ्या गटात ११ मणी निघाले, आठवडाभर आमचं उत्तर एकाने चुकत होतं आणि मी पोरालाच परत परत मोजायला लावत होते, फार वाईट वाटलं. दुकानदाराने बदलून दिली नाही. दोरा पण कच्चा, शेवटी नायलॉनच्या दोरीत दोघांनी मिळून परत ओवली.

आणि हातचा मात्र हिने शिकवता येत नाही. दहा सुटे देऊन एक दशक घ्यायचा हे माळेत होतच नाही, मणी जागचे हलत नाहीत. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड, दहाचा गठ्ठा बांधायचा, वजाबाकीत लागला की सोडायचा. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी पण चालतात. १०० च्या पुढच्या संख्यांना आम्ही आता काड्यांवरच आलोय, दहा गठ्ठ्यांची मोठी मोळी बांधून झालीये काल.

पाचपैकी चार स्टार, एक त्या अकराव्या मण्याचा कापला.