राजीनाम्यापूर्वीच्या दोन बैठका: पुण्यातील एका करिअर समुपदेशन सेवेचा अनुभव

एकाच कंपनीत 4 वर्षे 2 महिने काढल्यावर, कोथरूड ते हिंजवडी या रोजच्या प्रवासाने जीव मेटाकुटीला आलेला असताना, राजीनामा द्यावा की थांबावे हे ठरवण्यासाठी मी पुण्यातील एका करिअर समुपदेशकांकडे 2 बैठका घेतल्या.

पहिल्या बैठकीत त्यांनी माझे वेतनपत्रक मागून घेतले आणि माझ्यासमोरच पेन्सिलीने हिशेब मांडला: मूळ वेतन 26,000 रुपये, त्याला 26 ने भागून 15 ने गुणले की वर्षाचे 15,000, म्हणजे 5 वर्षे पूर्ण झाल्यास ग्रॅच्युइटी 75,000 रुपये. कायम कर्मचाऱ्याला हा हक्क साधारणपणे 5 वर्षांच्या सलग सेवेनंतरच मिळतो, हे मी ऐकून होतो. पण उरलेल्या 10 महिन्यांचे मोल मला त्या कागदावर प्रथमच दिसले. नोकरी बदलली तरी भविष्य निर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा, कारण निवृत्तिवेतनासाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते, हेही त्यांनी आपणहून समजावले.

दुसऱ्या बैठकीने मात्र निराशा केली. स्वभावचाचणीचा छापील अहवाल कोणालाही लागू पडेल असा होता, आणि आईच्या आजारपणामुळे मला पुणे सोडता येणार नाही हे सांगूनही बंगळुरूचाच आग्रह चालू राहिला.

मी तूर्त थांबलो आहे, मुलाखती मात्र सुरू केल्या आहेत. या समुपदेशकांकडे जाणाऱ्यांनी फक्त पहिली बैठक घ्यावी आणि वेतनपत्रकासोबत नेमणूकपत्रही न्यावे. नोटीस कालावधीची अट त्यातच असते.