आरसी विमानाचा सीजी: बोटं, स्टँड की वजनकाटा?

नवं आरसी (रिमोट कंट्रोलने उडणारं) विमान जोडून झालं, सर्व्हो (छोट्या मोटरी) बसले, कंट्रोल सरफेस (पंख-शेपटीचे हलणारे भाग) बरोबर दिशेला हलतायत. आता सीजी, म्हणजे विमान जिथे तोलून राहतं तो गुरुत्वमध्य, तपासायचा. त्यासाठी दोन बोटं पुरतात, दोन टेकूंचा स्टँड लागतो की वजनकाटा काढायचा? एक ते दीड मीटर पंखविस्ताराच्या हाय-विंग ट्रेनरला (पंख वर असलेल्या, शिकण्याच्या विमानाला) स्टँड घ्या, तोही घरी बनवलेला चालतो. लो-विंग (पंख खाली असलेलं), बायप्लेन (एकावर एक दोन पंखांचं) किंवा तीन-चार किलोच्या वरचं विमान असेल तर मात्र गणित बदलतं.

पण पद्धत निवडण्याआधी खुणा. पंखाच्या पुढच्या कडेपासून सीजीपर्यंतचं माप चुकलं तर सगळ्यात महागडं यंत्रही चुकीच्याच जागी तोल साधून देईल. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच घ्या. नसेल आणि पंख चौकोनी असेल तर कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या) 25 ते 30 टक्क्यांत सुरुवात करा, म्हणजे 200 मिमी कॉर्डला 50 ते 60 मिमी. पंखाच्या खाली (लो-विंगला वर), फ्युझलाजच्या म्हणजे धडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून त्यावर 50, 55 आणि 60 अशा रेघा मारा. पंख मागे झुकलेला किंवा टोकाकडे निमुळता असेल, तर मॅन्युअलमधलं माप बहुधा फ्युझलाजला लागून घेतलेलं असतं. तेच अंतर पंखाच्या मध्यावर मोजलं की टेकू भलत्याच रेषेवर जातात. अशा विमानाच्या बाबतीत होणाऱ्या चुकांत ही सगळ्यात नेहमीची.

विमान उडताना जसं असेल तसंच मोजायचं: प्रॉपेलर, स्पिनर (त्यावरची टोपी), चाकं, हॅच आणि बॅटरी जागच्या जागी, पट्ट्याने आवळलेली. बॅटरीचा प्लग मात्र जोडायचा नाही. इंधनावर चालणाऱ्या विमानात टाकी सहसा सीजीच्या पुढे असते. इंधन संपत जाईल तसा तोल मागे सरकतो, म्हणून टाकी रिकामी ठेवून तपासतात.

बोटांची पद्धत, म्हणजे खुणांवर दोन बोटं लावून विमान तोलणं, फुकट आहे आणि मैदानावर दहा सेकंदांत होते, इतकंच तिचं कौतुक. बोटाचं टोक मऊ आणि रुंद असतं. नेमका कुठला बिंदू भार घेतोय ते कळत नाही, आणि हात हलला की आपण नकळत विमान सावरून घेतो. चार-पाच मिमीची चूक सहज होते, आणि 200 मिमी कॉर्डवर 5 मिमी म्हणजे अडीच टक्के. अर्धा किलोच्या फोमच्या ट्रेनरला ते चालून जाईल. पहिल्याच उड्डाणाच्या लो-विंगला नाही. बोटांचा खरा उपयोग पुढे, वेगळ्या वजनाचा बॅटरी पॅक घातल्यावर झटकन खात्री करायला.

स्टँड म्हणजे एका फळीवर उभ्या केलेल्या दोन काठ्या, वर खोडरबराचे गोल टोक. अंतर फ्युझलाजच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. टोक अणकुचीदार नको: फोमला खड्डा पडतो, आणि पातळ प्लास्टिक फिल्म लावलेल्या पंखात दोन रिब्सच्या (पंखातल्या आडव्या फासळ्यांच्या) मध्ये टेकवलं तर फिल्मच फाटते. रिबवर किंवा स्पारवर (पंखातल्या लांब दांडीवर) टेकवा. हाय-विंग विमान सरळ ठेवायचं. लो-विंग उलटं, कारण सरळ ठेवल्यास वजन टेकूच्या वर येतं आणि विमान स्थिर राहतच नाही, या नाहीतर त्या बाजूला कोसळतं. उलटं करण्याआधी हॅच आणि बॅटरीचा पट्टा पुन्हा बघून घ्या.

स्टँडचाही एक दोष आहे. हाय-विंगमध्ये वजन टेकूच्या बरंच खाली लोंबतं, त्यामुळे विमान आळशी होतं. समजा, सीजी टेकूच्या 60 मिमी खाली आहे. मग 3 मिमीची चूक म्हणजे फक्त 3 अंशांचा कल, आणि नुसत्या डोळ्यांना तो सपाटच वाटतो. उपाय सोपा आहे: विमान 2-2 मिमी पुढेमागे सरकवा, नाक नक्की खाली जाणारी खूण आणि शेपूट नक्की खाली जाणारी खूण शोधा. सीजी त्या दोहोंच्या मधोमध.

बायप्लेनला टेकू लावायला धड जागा नसते. ते दोरीने आडव्या दांडीला टांगून, त्याच दांडीवरून ओळंबा सोडलेला बरा. फ्युझलाज लेव्हलमध्ये आणलं की ओळंब्याची दोरी जिथून जाते, तिथे सीजी.

काट्याची पद्धत मोठ्या विमानांची. उचलायचं नाही, उलटं करायचं नाही. शेपटीला चाक असलेलं विमान घ्या: एकूण वजन 1200 ग्रॅम, शेपटीच्या चाकावर 60 ग्रॅम, मुख्य चाकांचा आस आणि शेपटीचं चाक यांत 700 मिमी. मग 60 गुणिले 700 भागिले 1200, म्हणजे सीजी मुख्य चाकांच्या आसामागे 35 मिमी. पंखाची पुढची कड आसाच्या 22 मिमी पुढे असेल तर सीजी कडेपासून 57 मिमीवर. नाकाला चाक असेल तर हिशोब तोच, फक्त उत्तर मुख्य चाकांच्या पुढे मोजायचं. काटा एकच असला तरी भागतं, बाकीच्या चाकांखाली त्याच उंचीचे ठोकळे ठेवा.

यात 2 ग्रॅमचा फरक पडला तर उत्तर जेमतेम 1 मिमीने हलतं. घात होतो तो दुसरीकडे. शेपूट जमिनीवर ठेवूनच वजन घेतलं, विमान 10 अंश कललेलं आहे आणि सीजी आसापेक्षा 150 मिमी उंच आहे, तर उत्तर सुमारे 26 मिमीने मागे सरकतं. मग माणूस विनाकारण नाकात शिसं भरत बसतो. शेपटीखाली ठोकळा ठेवून फ्युझलाज स्पिरिट लेव्हलने सपाट केल्याशिवाय काट्याकडे बघूच नका. ठोकळ्याचं वजन टेअर करून (काटा शून्यावर आणून) घ्या.

तोल चुकलेला निघाला की आधी बॅटरी सरकवा, शिसं शेवटी. 1200 ग्रॅमच्या विमानाचा सीजी 10 मिमी मागे असेल तर 180 ग्रॅमचा पॅक साधारण 67 मिमी पुढे न्यावा लागेल. तेवढी जागा नसेल तर हव्या त्या सीजीपासून 200 मिमी पुढे 60 ग्रॅम शिसं. त्याऐवजी 500 मिमी मागे असलेल्या शेपटीतून 24 ग्रॅम कमी करता आले (जड टेलव्हील, मागे बसवलेला सर्व्हो, गरजेपेक्षा जास्त गोंद) तर उत्तमच. शिसं नुसत्या डबल टेपवर सोडू नका, स्क्रू किंवा एपॉक्सीने धरा. उड्डाणात सुटलं तर सीजी तिथल्या तिथे मागे जातो.

आडवा तोल या तिन्हींत येत नाही. स्पिनरचं टोक आणि फिनचा (शेपटीच्या उभ्या पात्याचा) वरचा भाग धरून विमान उचला. जी बाजू खाली जाते ती जड. पंखाच्या हलक्या टोकाला काही ग्रॅम चिकटवले की झालं.

शंका असेल तर पहिल्या उड्डाणाला सगळ्यात पुढची, नाकाकडची खूण घ्या. नाक जड असलेलं विमान एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीला) मंद असतं आणि उतरताना वेग जास्त मागतं, पण हातात राहतं. शेपूट जड असलेलं मात्र टेकऑफलाच नाक वर करून स्टॉल होऊ शकतं, म्हणजे पंखाची उचल तुटून कोसळू शकतं. पुढे ट्रिम बसल्यावर (स्टिक सोडूनही विमान सरळ उडू लागल्यावर), पुरेशा उंचीवर थ्रॉटल बंद करून 30 ते 45 अंशांत सूर मारा आणि एलिव्हेटर सोडा. झपकन वर आलं तर सीजी पुढे आहे, पॅक 3 मिमी मागे घ्या. खालीच दडपायला लागलं तर लगेच उतरवा आणि पॅक पुढे न्या.